दुखवट्याची चटई

माझा भाऊ सेमिसी याला थंडी वाजत नाही. हे त्याचंच म्हणणं. इथे दक्षिणेत, ओमारू गावात आल्यापासून चर्चच्या पायरीवर, मेंढ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी, माशांच्या दुकानात, जिथे म्हणून दोन माणसं उभी दिसतील तिथे तो हे सांगत आलाय. सांगताना त्याचे ओठ जांभळे पडलेले असतात आणि उघड्या पिंडऱ्यांवर काटा असतो, पण ते बघायचं नाही. लुंगी, सपाता आणि पांढरा सदरा. तेही जुलै महिन्यात, इकडच्या ऐन हिवाळ्यात. अंगणातलं गवत पायाखाली काचेसारखं मोडतंय आणि हे महाराज सपाता फटफटवत चर्चमध्ये उपदेशाला निघालेत. पाद्रीसाहेब वेगळे, हा त्यांचा हौशी मदतनीस.

"कोट कुणाला लागतो?" तो व्यासपीठावरून विचारायचा. "ज्याच्या अंगात रक्त कमी आणि मनात श्रद्धा कमी, त्याला!"

समोर कोट घालून बसलेली सगळी मंडळी माना खाली घालायची. मीसुद्धा त्यातच. मी त्याची थोरली बहीण, लुपे. अर्धं आयुष्य त्या कारखान्याच्या शीतगृहात मेंढ्यांच्या तंगड्या टांगण्यात गेलंय माझं, तेव्हा मला तरी कुणी थंडी शिकवू नये. पण त्याला तोंडावर काही बोलायची सोय नाही. आम्हा टोंगन लोकांत बहीण-भावाने घरात एका खोलीत रेंगाळायचं नसतं, आणि एकमेकांची थट्टा तर करायचीच नसते. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. तो मोठेपणा आम्ही बहुतेक वेळ तोंड मिटून सांभाळतो. त्यामुळे दोन हिवाळ्यांची थट्टा माझ्या पोटात साचली आहे. ती आज बाहेर काढते, म्हणजे मला झोप लागेल.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं, कारण सेमिसीला बायको आहे. मेलेआने तिचं नाव. त्यांच्या मुलाने कारखान्यात नोकरी धरली आणि आईबापांना हापाई बेटावरून इकडे बोलावून घेतलं, तेव्हा ती नवऱ्यामागून विमानातून उतरली. अंगावर फुलाफुलांचा पातळ झगा होता. दोन वर्षं झाली तरी ती त्याच झग्यात. नवऱ्याला थंडी वाजत नाही म्हटल्यावर बायकोला कशी वाजेल? पहिल्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. दुसऱ्यात तो मुक्कामालाच आला.

बरं, घरात तरी ऊब असावी. तर सेमिसीच्या घराचं दार कायम सताड उघडं. आमच्या बेटावर बंद दार म्हणजे आत काहीतरी चोरून खाणं चाललंय, असं समजतात. तिथे ठीक आहे हो, तिथे उघड्या दारातून समुद्राचा वारा येतो आणि फार तर शेजारची कोंबडी. इथे थेट दक्षिण ध्रुवावरून वारा आत शिरतो. भिंतीवरचा हीटर बिचारा दिवसभर घरघरत अख्खी गल्ली तापवायचा. शेजारच्या गोऱ्या बाईचं मांजर त्याच्याखाली येऊन पसरायचं. त्या घरात सुखी असं तेवढंच.

मला एकच गोष्ट हवी होती. मेलेआनेच्या अंगावर कोट. बाकी सेमिसीने व्यासपीठावर हवे तेवढे कांदे नाकाने सोलावेत.

म्हणून मे महिन्यात मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक कोट आणला. दाट लोकरीचा, पिकलेल्या वांग्याच्या रंगाचा, गुडघ्याखाली येणारा, पुढे मोठाली लाकडी बटणं. माप पुरुषी होतं, पण आमच्यात त्याने अडत नाही. आमच्या बायका आणि पुरुष एकाच साच्यातले. मेलेआनेने तो घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली, दोन्ही हात खिशात घातले आणि डोळे मिटून नुसती उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही, वन्सं," ती म्हणाली. "हात सापडले माझे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. मी बाहेर असले की सेमिसी आत बसतो, रीतच आहे.

"मेलेआने, तुझ्या नणंदेला सांग, तिचे फार उपकार झाले. पण मी थंडीवर उपदेश करायचा आणि माझ्याच बायकोने गोऱ्या म्हातारीसारखं गुंडाळून पहिल्या रांगेत बसायचं, हे बरं दिसेल का, म्हणावं?"

"मेलेआने, तुझ्या नवऱ्याला सांग," मी म्हटलं, "उपदेश ऐकायला बायको जिवंत राहायला हवी, म्हणावं. नाहीतर मांजरापुढे कर."

दोघांनाही दोघांचं नीट ऐकू आलं होतं. तरी मेलेआनेने आत डोकावून सांगितलं, "वन्सं म्हणतायत, कोट चांगला आहे." मग माझ्याकडे वळून, "हे म्हणतायत, उपकार झाले." असं भांडण गाळून घेत तिचा संसार चाललाय.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये आली ती पुन्हा झग्यातच. मी तिला दाराशीच गाठलं.

"कोट कुठाय?"

"ड्रममध्ये टाकला ह्यांनी."

इथल्या प्रत्येक टोंगन घराच्या पडवीत एक निळा ड्रम असतो. त्यात मांसाचे डबे, साबण, चादरी, पोरांचे जुने बूट असं साठवत जायचं आणि भरला की जहाजाने बेटावर धाडायचा. तिथले लोक वाट बघत असतात.

"ड्रममध्ये? हापाईला?" माझा आवाज चढला. "लोकरीचा कोट? तिथे माणसं उघडी बसून घाम पुसतात, मेलेआने! तो काय डुकरांना पांघरणार आहेत?"

तिला हसू आलं. डोळ्यांपुढे डुक्कर आलं असावं. हसता हसता खोकला सुरू झाला आणि तो थांबेचना. भिंतीला हात टेकून ती वाकून खोकत राहिली. आत सेमिसीचा खडा आवाज ऐकू येत होता, गरिबांना वस्त्र द्या, गरिबांना वस्त्र द्या. त्या क्षणी मला भावाचा इतका राग आला की देवाघरात उभी होते म्हणून, नाहीतर रीतभात सगळी चुलीत घातली असती.

आणि जूनच्या सुरुवातीला आमचा वाईपुलू मामा गेला. तिकडे बेटावरच गेला, झोपेत, पोटभर जेवून. कुणाला हेवा वाटावा असं मरण.

आमच्यात दुखवट्याला कमरेभोवती चटई बांधतात. मेलेल्या माणसापुढे तुमचं नातं जितकं खालचं, तितकी चटई मोठी, जुनी आणि फाटकी. नातं वरचं असेल तर छोटी, मऊ, बारीक विणीची. आणि मामापुढे भाचरं कायमच वरची. त्याच्या दुखवट्यात भाच्यांनी पुढे बसायचं, चांगलं ते घ्यायचं. राबायचं ते मामाच्या पोरांनी, मागच्या अंगणात, धुरात. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी माझी हातभर रुंदीची नाजूक चटई बांधून इथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले. मागाहून सेमिसी आला. दारात उजेड अडला म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. खांद्यांवरून घेऊन पार पोटऱ्यांपर्यंत चटई! तीही दुहेरी, मळकी, कडा लोंबणारी, नारळाच्या दोरीने आवळलेली. एक कुटुंब झोपेल एवढी. बाप मेल्यावर पोरगा बांधतो तशी.

"अगं बाई, कोण गेलं?" माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली. "राजा का?"

"मामा," मी दात आवळून म्हटलं.

"मग ह्याने हे असं का?"

हा प्रश्न पाद्रीसाहेबांनाही पडला होता. सेमिसी पुढे गेला, त्याने मान खाली घातली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला ठाऊक आहे, माझा मान वरचा आहे. पण प्रेम मान बघत नाही. वाईपुलू मामासाठी मी धुळीत बसायला तयार आहे."

बायका हुंदके द्यायला लागल्या. पाद्रीसाहेबांनी डोळे पुसले. पुढचे दोन रविवार त्याच्याच नम्रतेवर प्रवचन झालं. मी मात्र भावाच्या ओठांकडे बघत होते. ते गुलाबी झाले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा.

हापाईला असताना ह्याने मामाकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. मामाने एकदा होडी मागितली तर ह्याने वल्ही लपवली होती. आता त्याच मामाच्या नावाने तो उबेला बसला होता. मान गेला खड्ड्यात, आधी ऊब, हे अखेर त्याला कळलं होतं. फक्त स्वतःपुरतं कळलं होतं. बायको शेजारी झग्यावर टीचभर चटई बांधून कुडकुडत होती. ती तर मामाची कुणीच नव्हती, तिला मोठी चटई कोण बांधू देणार?

दहा-बारा दिवसांनी लोकांनी चटया सोडून ठेवल्या. सेमिसीने नाही सोडली. कारखान्याच्या फाटकाशी चटई, माशांच्या दुकानात चटई. थंडी वाढत गेली तसं दुःखही वाढत गेलं. तो जाडही दिसायला लागला.

"सेमिसी, इकडचं पाणी मानवलं रे तुला!" लोक म्हणायचे.

"दुःखाने अंग सुजतं," हा म्हणायचा.

मेलेआने मात्र वाळत चालली. डॉक्टरने छाती तपासून सांगितलं, हिला उबेत ठेवा. मी म्हटलं, मी दुसरा कोट आणते.

"नको, वन्सं. तोही ड्रममध्ये जाईल."

"मग माझ्या घरी ठेव. येता-जाता घाल."

"लपवून?" ती माझ्याकडे बघत राहिली. "दोन पोरं वाढवली मी, घर सांभाळलं, ह्यांचे उपदेश पाठ केले. आता कोटसुद्धा लपवून घालू?"

तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

जुलैच्या अखेरीस मामाचा मुलगा तोमासी क्राइस्टचर्चहून बायकापोरांसह आला. मामाच्या नावाने इथल्या चर्चच्या हॉलमध्ये जेवण घालायचं होतं आणि त्या दिवसापुरत्या सगळ्यांनी पुन्हा चटया बांधून दुखवटा रीतसर उतरवायचा होता. तो उतरवायचा मान थोरल्या भाचीचा, म्हणजे माझा. मी सांगेपर्यंत कुणी मोकळं नाही, आणि मी सांगितल्यावर कुणी अडकलेलं नाही.

सकाळी मागच्या अंगणात उमूची तयारी चालली होती. खड्डा खणायचा, दगड तापवायचे, त्यावर डुकरं आणि अळकुड्या ठेवून माती लोटायची. तोमासी आणि त्याचे भाऊ लोखंडासारख्या गोठलेल्या जमिनीवर पहार आपटत होते. तेवढ्यात सेमिसी चटईसकट डुलत डुलत आला. तोमासीने पहार टाकली.

"दादा! ही चटई आमच्या बापासाठी? भाचा असून एवढे खाली उतरलात?"

"प्रेम मान बघत नाही," सेमिसीने पाठ केलेलं म्हटलं.

"मग या, या! माणसं कमीच पडतायत." आणि तोमासीने भाबडेपणाने त्याच्या हातात फावडं दिलं. खालच्या नात्याची चटई बांधलीत, तर खालच्या नात्याचं कामही आलंच की. सेमिसीने फावड्याकडे बघितलं, मग हॉलच्या खिडकीतून माझ्याकडे. मी खिडकीतून त्याला डोळे भरून बघून घेतलं. तेवढी सूट मी घेतली.

खणून झालं, जाळ पेटला, दगड लाल झाले. सेमिसी खड्ड्याला चिकटून उभा. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. तोमासीचं तोंडही लाल झालं होतं, त्याने आपली चटई केव्हाच सोडून कुंपणावर टाकली होती.

"दादा, कामापुरती तरी सोडा चटई. भाजून निघाल."

"दुखवटा आहे."

"अहो, बाप आमचा गेलाय. आम्हीच सोडून ठेवल्यात."

"तुमचं तुम्ही बघा," सेमिसी म्हणाला आणि दोरी आणखी घट्ट ओढली. मला ते चमत्कारिक वाटलं, पण मी त्याच्या हट्टाच्या खात्यावर टाकलं आणि खिडकी सोडून माझ्या जागी जाऊन बसले.

माझी बैठक समोर, चटयांच्या ढिगावर. पुढ्यात सगळ्यात मोठं डुक्कर. हॉलचं दार अर्थातच उघडं, दोन्ही कवाडं भिंतीला टेकलेली, कारण आत जेवण आणि दार बंद, म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. दारातून येणारा वारा टेबलावरचे कागदी रुमाल उडवत होता. शेवटच्या रांगेत, दाराला लागून, मेलेआने बसली होती. वाढपाच्या बायका तिथेच बसतात. ती खोकत होती, दाबून, हाताची मूठ तोंडावर धरून, भाषणात व्यत्यय नको म्हणून. सेमिसी पाद्रीसाहेबांच्या उजवीकडे, लाल, तुकतुकीत, टम्म.

दुखवटा जेवणानंतर उतरवायचा असं ठरलं होतं. मी त्याआधीच उभी राहिले. मनात एवढंच होतं, ह्याची चटई सुटू दे. अर्धा तास ह्या वाऱ्यात नुसत्या सदऱ्यावर बसू दे. वाजू देत दात सगळ्यांसमोर. मग बायकोच्या कोटाबद्दल बोलू.

"वाईपुलू मामा शांतपणे गेला," मी म्हटलं. "त्याच्यासाठी रडून झालं. आता मी, त्याची थोरली भाची, सगळ्यांना मोकळं करते. चटया सोडा आणि इथे माझ्यापुढे आणून ठेवा."

एकेक जण आला, चटई ठेवून गेला. ढीग झाला. सेमिसी जागचा हलला नाही.

"पाद्रीसाहेब," तो म्हणाला, "माझं दुःख अजून संपलेलं नाही. मला राहू द्या असंच. वसंतापर्यंत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. भावाशी मला थट्टा करायची नसते. पण मी थट्टा करत नव्हते, दुखवटा उतरवत होते.

"पाद्रीसाहेब," मी म्हटलं, "त्या भाच्याला सांगा, दुःख हवं तेवढं ठेव. चटई इथे ठेव."

पाद्रीसाहेबांनी सेमिसीकडे बघितलं आणि हात पसरले. ह्या बाबतीत त्यांचंही काही चालत नाही. सेमिसी उठला. दोरीच्या गाठीवर त्याची बोटं नुसती फिरत राहिली. मग तोमासी पुढे झाला. भला माणूस तो, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"थांबा, दादा. आमच्या बापासाठी बांधलीत, मी सोडतो."

"नको, नको, राहू दे रे..."

पण तोमासीने गाठ सोडली. चटईचा एक वेढा उलगडला, मग दुसरा, आणि ती धप्पकन जमिनीवर पडली.

आत कोट होता. पिकलेल्या वांग्याच्या रंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. लाकडी बटणं. कॉलर आत दुमडून सदऱ्याखाली खोचलेली, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, आणि लुंगीच्या खाली दिसू नये म्हणून खालची कड पिनांनी वर टाचलेली. बायकोचा कोट हापाईला गेला नव्हता. ओमारूभर फिरत होता.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, एवढी थट्टा पोटात घेऊन बसलेली. मला वाटलं होतं, भाऊ मूर्ख आहे. थंडीला भितो आणि ती भीती सांगायला लाजतो, एवढंच. मूर्ख भाऊ चालतो हो माणसाला.

शेवटच्या रांगेतून मेलेआने उठली. टेबलांमधून वाट काढत पुढे आली. नवऱ्यासमोर उभी राहून तिने वरचं बटण काढलं, मग त्याखालचं. सेमिसी हात बाजूला करून उभा राहिला, आंघोळीला उभं केलेल्या पोरासारखा. तिने पिना एकेक काढून पाद्रीसाहेबांच्या बशीत ठेवल्या. कोट त्याच्या अंगावरून उतरवला, झटकला, स्वतः घातला. बटणं गळ्यापर्यंत लावली. हात खिशात घातले.

मग ती माझ्या शेजारी, चटयांच्या ढिगावर येऊन बसली. तो तिचा मान नव्हता. मी सरकून जागा दिली.

सेमिसी तसाच उभा. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटलेला, आणि त्यावर दारातून येणारं वारं. त्याची हनुवटी थरथरायला लागली. दात वाजायला लागले. त्याने तोंड घट्ट मिटलं तरी ते हॉलभर ऐकू येत होतं. मला त्याची दया आली. राग गेला नाही, पण दयाही आली, खोटं कशाला बोलू.

"दार लावून घ्या कुणीतरी," मेलेआने मोठ्याने म्हणाली. "थंडी आहे."

आमच्यात जेवणाच्या वेळी असं कुणी म्हणत नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाद्रीसाहेब आपल्या बशीतल्या पिनांकडे बघत राहिले.

मग सेमिसीच गेला. दोन्ही कवाडं भिंतीपासून सोडवली, ओढली, आणि आतून कडी लावून घेतली.